दर्याचा कौल

१६७९ चा पावसाळा अजून पुरता ओसरला नव्हता. ऑगस्ट सरत आला होता. अशा दिवसांत मायनाक भंडारी माणसं आणि बांधकामाचं सामान घेऊन खांदेरी बेटावर उतरले. थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवरचं हे खडकाळ बेट शिवाजी महाराजांना हवं होतं, कारण दक्षिणेकडून मुंबई बंदराकडे येणारं जहाज त्याच्या नजरेतून सुटत नाही. मुंबईच्या इंग्रजांनाही हे पक्कं ठाऊक होतं. बेटावर तट चढतोय हे कळताच त्यांनी शिबाडं पाठवली, मग मोठी जहाजं पाठवली. सप्टेंबरात बेटावर उतरण्याचा त्यांचा प्रयत्न फसला आणि त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला.

मुहूर्त नीट पाहण्यासारखा आहे. जून ते ऑगस्ट या काळात कोकणचा नाखवा दर्यात जात नाही. होडी वर ओढायची, झावळ्यांनी शाकारायची आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची, ही इथली रीत. खोल बुडाची, उंच शिडांची जहाजं तर या दिवसांत खडकाळ बेटाच्या आसपास फिरकूही नयेत. लाट आणि वारा दोन्ही त्यांना किनाऱ्याकडेच ढकलतात. पण थळपासून खांदेरीपर्यंतचं पाणी थोडं, ओळखीचं आणि जरा उघडीप मिळाली की वल्ह्यांवर ओलांडता येण्याजोगं. वेढा घालणाऱ्यासाठी ऋतू वाईट होता आणि बेट गाठणाऱ्यासाठी पुरेसा होता.

पुढे १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांचं आरमार इंग्रजांवर चालून गेलं. पाऊस संपल्यावर या किनाऱ्यावर रोजचा एक खेळ सुरू होतो. रात्री जमीन गार पडते आणि पहाटे मतलई वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतो. दुपारी तोच वारा उलटा फिरतो. खाडीतून बाहेर पडणाऱ्याला पहाट सोयीची आणि परतणाऱ्याला दुपार. त्या दिवशी इंग्रजांचं 'डोव्हर' मराठ्यांनी पकडलं, मात्र 'रिव्हेंज' या सोळा तोफांच्या जहाजाने कॅप्टन केग्विनच्या हाताखाली मराठी आरमाराला मागे रेटलं. मराठी होड्या उथळ खाडीत शिरल्या आणि इंग्रजांची जड जहाजं बाहेरच थांबली. नंतरच्या कित्येक रात्री वल्ह्यांच्या होड्या अंधारात, पडलेल्या वाऱ्यात, इंग्रजांच्या पहाऱ्यातून बेटावर रसद पोचवत राहिल्या. वारा पडला की शिडाचं जहाज म्हणजे तरंगती भिंत. वल्हेवाल्याला मात्र त्याची फिकीर नसते. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तडजोड केली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या प्रकरणात तोफांइतकाच भर पावसाळ्याच्या छावणीवर आहे. पाऊस लागण्याच्या पुरेसं आधी आरमार किल्ल्याच्या आसऱ्याच्या बंदरात न्यावं, उघड्या किनाऱ्यावर ठेवू नये, आणि दरवर्षी एकाच बंदरावर भार टाकू नये, असा त्यातला सल्ला. राज्य चालवणाऱ्या माणसाने पंचांग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं हे लष्करी धोरण आहे.

पूर्व किनाऱ्याचं पंचांग वेगळं. तिथे घातवार ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो, ईशान्य मोसमी वाऱ्यांसोबत. १७४६ च्या सप्टेंबरात फ्रेंच सेनानी ला बूर्दोने याने इंग्रजांकडून मद्रास जिंकलं आणि वाटाघाटींच्या घोळात ऑक्टोबर उजाडेपर्यंत तिथल्या उघड्या समुद्रातच आपलं आरमार ठेवलं. १३ ऑक्टोबरच्या रात्री चक्रीवादळ आलं. काही जहाजं बुडाली, काहींच्या डोलकाठ्या मोडल्या, शेकडो माणसं गेली. मद्रास जिंकून देणारं आरमार एका रात्रीत निकामी झालं, आणि शत्रूला त्यासाठी एक गोळाही झाडावा लागला नाही. इंग्रज आरमार या किनाऱ्यावरून ऑक्टोबरच्या सुमाराला निघून जायचं, आणि मोठ्या डागडुजीसाठी मुंबई गाठायचं. मुंबईतच का? कारण समुद्राची आणखी एक खोड. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. भरतीला जहाज गोदीत घ्यायचं, ओहोटीला पाणी आपसूक उतरतं, मग दार बंद करून तळ खरवडायला घ्यायचा. अठराव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत सुकी गोदी उभी राहिली, आणि वाडियांची जहाजबांधणी फुलली, त्यात या उधाणाचाही वाटा होता.

इथवर सगळं शिडांच्या काळातलं झालं. वाफेचं, डिझेलचं इंजिन आलं आणि वाऱ्याची सत्ता संपली, असा समज होणं साहजिक आहे. तो समज सर्वांत महागात पडला तो अमेरिकेच्या नौदलाला. १८ डिसेंबर १९४४ रोजी फिलिपाइन्सजवळ ॲडमिरल हॉल्सी यांचं प्रचंड आरमार 'कोब्रा' नावाच्या टायफूनमध्ये शिरलं. वादळ नेमकं कुठे आहे याचा अंदाज चुकला होता. 'हल', 'स्पेन्स' आणि 'मोनॅहन' या तीन विनाशिका उलटल्या आणि जवळपास ७९० माणसं बुडाली. यातला बारकावा जहाजांच्या पोटात आहे. यातल्या 'स्पेन्स'च्या इंधनाच्या टाक्या रिकाम्या होत आल्या होत्या. पोटात वजन नसलं की जहाज तरंगतं उंच आणि कलंडतं सहज. अशा वेळी टाक्यांत समुद्राचं पाणी भरून वजन आणतात. पण तेल भरणारं जहाज आज-उद्या गाठायचंच होतं, आणि पाणी भरलं तर ते आधी उपसावं लागलं असतं, म्हणून चालढकल झाली. पुढे ॲडमिरल निमित्झ यांनी सगळ्या कप्तानांना पत्र लिहून बजावलं, की हवामानखात्याच्या इशाऱ्याची वाट पाहत बसू नका, स्वतःच्या डोळ्यांवर आणि वायुभारमापकावरही लक्ष ठेवा.

भारतीय नौदलाच्या सर्वांत गाजलेल्या मोहिमेलाही, १९७१ च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धातल्या कराचीवरच्या हल्ल्यालाही, ऋतूची साथ होती. त्याच वर्षी सोव्हिएत संघाकडून आलेल्या क्षेपणास्त्र नौका मुळात किनारा राखण्यासाठी बांधलेल्या होत्या. वजन जेमतेम दोनशे टनांच्या आसपास, बुड उथळ, इंधन थोडं. एवढ्या अंतरावरच्या कराचीवर हल्ला करायला त्या जातील असं बनवणाऱ्यांनाही वाटलं नसावं. त्यावर तोडगा निघाला तो ओढून नेण्याचा. मोठ्या जहाजांनी या नौकांना दोराने ओढत बराच पल्ला पार करून द्यायचा आणि शेवटच्या टप्प्यात त्यांनी स्वतःच्या इंजिनांवर झेप घ्यायची. जुलैच्या अरबी समुद्रात हा बेत कागदावरच राहिला असता. तिथल्या लाटांत ओढायचा दोर टिकणं अवघड, आणि एवढ्याशा नौकेतून नेम धरणं तर दूरची गोष्ट. डिसेंबरातला अरबी समुद्र पुष्कळ शांत असतो. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' यांनी पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिज' ही सुरुंगशोधक नौका बुडवली. तोच दिवस आज नौदल दिन म्हणून साजरा होतो.

चारच दिवसांनी त्याच समुद्राने तोंड फिरवलं. ८ डिसेंबरच्या रात्री दुसऱ्या हल्ल्याच्या वेळी दर्या खवळलेला होता. 'तलवार' आणि 'त्रिशूल' यांच्या सोबतीने 'विनाश' ही एकच क्षेपणास्त्र नौका कराचीसमोर पोचली आणि तिच्या चार क्षेपणास्त्रांनी किमारीच्या तेलसाठ्यांना आग लावली. पूर्वेकडे 'विक्रांत'ची अडचण वेगळीच होती. विमानवाहू नौकेवरून विमान उडवताना नौका वाऱ्याच्या तोंडावर वळवतात. नौकेचा वेग आणि समोरचा वारा यांची बेरीज विमानाच्या पंखांना उचल देते. 'विक्रांत'चा एक बॉयलर तडकलेला होता, वेग कमी झाला होता, त्यामुळे बंगालच्या उपसागरात वारा किती आणि कुठून वाहतोय याला एरवीपेक्षा जास्त किंमत आली होती. वादळाला घाबरणारे पुष्कळ असतात. विमानवाहू नौकेच्या कप्तानाला वारा पडला तरी घोर लागतो.

आणि मग ९ डिसेंबर. दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर 'खुकरी' ही पाणबुडीविरोधी युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'च्या मागावर होती. पण आधी सापडली ती 'खुकरी'. रात्री पावणेनऊच्या सुमाराला टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत नौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. शिकार करायला निघालेली नौकाच सावज कशी झाली, याच्या कारणांत 'हंगोर'चा उजवा सोनार येतो आणि 'खुकरी'चा कमी ठेवलेला वेग येतो. पण त्या रात्रीपलीकडे पाहिलं तर यामागे एक मोठा प्रश्न दिसतो, आणि तो पाण्याच्या आतल्या हवामानाचा आहे.

समुद्राच्या आत हवामान असतं, हे सैन्यांना कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. गोष्ट क्यूबामधल्या ग्वांतानामोची. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदल तिथे सोनारचा सराव करायचं. सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडायचा आणि पाणबुडीवर आपटून परतणारा प्रतिध्वनी ऐकायचा. सकाळी यंत्र व्यवस्थित चालायचं. दुपारी समोरची पाणबुडीही ऐकू यायची नाही. जेवण झाल्यावर ऐकणारा पेंगत असेल, असाही संशय घेतला गेला! शेवटी वूड्स होल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तापमापक पाण्यात सोडला आणि बिचाऱ्या खलाशांची सुटका झाली. दुपारपर्यंत उन्हाने पाण्याचा वरचा काही मीटरांचा थर तापायचा. कोमट पाण्यात आवाज जोरात धावतो, गारेत हळू. एका अंश तापमानामागे सेकंदाला सुमारे तीन मीटरचा फरक. वेग बदलला की आवाजाची वाट वाकते आणि ती नेहमी हळू वेगाच्या बाजूला, म्हणजे इथे खाली, वाकते. सोनारचा आवाज समोर जायच्या ऐवजी तळाकडे वळत होता आणि जरा दूरची पाणबुडी सावलीत बसत होती.

लगोलग ॲथेलस्टन स्पिलहॉस यांनी बाथीथर्मोग्राफ नावाचं उपकरण बनवलं. चालत्या जहाजावरून पाण्यात सोडलं की खोलीनुसार तापमानाची रेघ काचेच्या तुकड्यावर ओरखडून आणायचं. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर आणि पाणबुड्यांवर ते पोचलं, आणि पाणबुडीच्या कप्तानाला कुठे बुडी मारून बसायचं ते कळू लागलं. वरचा ढवळलेला कोमट थर संपतो आणि पाणी झपाट्याने गार होतं, ती सीमा म्हणजे त्याचं छप्पर. छपराखाली शिरलं की वरच्या जहाजाच्या बुडाशी बसवलेल्या सोनारला तो बराच काळ दिसत नाही.

अरबी समुद्रातलं हे छप्पर वर्षभर एका जागी राहत नाही. मार्च-एप्रिलमध्ये ऊन कडक आणि वारा मंद, तेव्हा वरचा थर पातळ असतो, कुठे कुठे वीस-तीस मीटरच. मोसमी वारा सुटला की समुद्र घुसळला जातो आणि थर खोल जातो. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात कोरडी गार हवा वरचं पाणी थंड करते, ते जड होऊन खाली बसतं आणि थर पुन्हा जाड होतो, शंभर मीटरपर्यंतही. म्हणजे एकाच जागी, एकाच पाणबुडीला, एप्रिलमध्ये आणि जानेवारीत वेगवेगळ्या खोलीवर लपावं लागतं. पाश्चात्त्य देशांत गार पाण्यासाठी जुळवलेले सोनार इथे का कमी पडतात, हे कोची इथल्या 'एनपीओएल' या संरक्षण प्रयोगशाळेने अभ्यासलं. उष्ण कटिबंधातल्या पाण्यासाठी सोनार देशातच घडवायला हवेत हा विचार तिथे रुजला आणि त्यांचे सोनार पुढे नौदलाच्या जहाजांवर बसले.

बंगालच्या उपसागरात गणित आणखी फिरतं. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांचं गोडं पाणी समुद्रावर तवंगासारखं पसरतं. अरबी समुद्रात हजार भाग पाण्यात सुमारे ३६ भाग मीठ, तर उपसागराच्या उत्तरेला पावसाळ्यानंतर वरच्या पाण्यात ते ३० च्या आसपास उतरतं. पाण्याखाली सतराशे टन भरणारी पाणबुडी नुसत्या तीन भागांनी गोड्या पाण्यात शिरली, तर साडेतीन-चार टन जड झाल्यासारखी खाली बसू लागते. पाणी उपसून तिला पुन्हा तोलावं लागतं, आणि पंप चालला की आवाज होतो. शत्रू कान देऊन बसलेला असेल तर तेवढं पुरे.

कान देण्यातही विघ्नं कमी नाहीत. उथळ, उबदार पाण्यात चिमटा आपटून टाळी वाजवणारी इवलीशी कोळंबी लाखोंनी असते. तिचा आवाज शेंगदाणे भाजल्यासारखा अखंड तडतडतो. १९४२ मध्ये अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात पाण्याखाली लावलेले ध्वनिग्राहक एका माशाच्या गुरगुरण्याने निकामी ठरले. तो क्रोकर मासा. आपले ढोमा आणि घोळ त्याच्याच कुळातले. ज्या घोळीचा भाव ऐकून ससून डॉकवर माना वळतात, तिच्या नातेवाइकांनी एका नौदलाच्या कानात बोटं घातली होती, ही गंमत कोळीवाड्यात सांगण्यासारखी आहे.

पाण्यात आवाज वाकतो तसे हवेत रडारचे तरंगही वाकतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळ बसवलेल्या एका रडारवर उन्हाळ्यात चक्क अरबस्तानचा किनारा दिसायचा. हजार मैलांहून दूर! पृथ्वी गोल आहे आणि रडार सरळ पाहतं, त्यामुळे खरं तर हे व्हायला नको. पण उन्हाळ्यात समुद्रालगतच्या दमट हवेवर कोरड्या, तापलेल्या हवेचं झाकण बसतं. दोन्हींच्या मधल्या थरात तरंग अडकतात आणि पन्हळीतल्या पाण्यासारखे पृथ्वीच्या वळणाने पुढे पुढे जात राहतात. पाऊस सुरू झाला की झाकण मोडतं आणि तेच रडार वीसेक मैलांवर येतं. युद्धाच्या दृष्टीने ही पन्हळ दुधारी आहे. तिच्या आतलं जहाज क्षितिजापलीकडूनही दिसतं. पण थराच्या जरा वरून येणारं विमान कधीकधी जवळ असूनही निसटतं. शिवाय आपलं रडार चालू असल्याचं शत्रूलाही तितक्याच दुरून कळतं.

पावसाळ्यात डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीतल्या माणसांचे हाल वेगळे. माझगाव गोदीत बांधलेल्या 'कलवरी' वर्गाच्या पाणबुड्यांनाही बॅटऱ्या भरायला अधूनमधून वर यावं लागतं आणि एका नळीने हवा ओढत इंजिन चालवावं लागतं. नळीच्या तोंडावर लाट आली की पाणी शिरू नये म्हणून झडप मिटते. इंजिन मात्र हवा मागतच राहतं आणि ती पाणबुडीच्या आतली ओढतं. दाब घसरतो, सगळ्यांच्या कानात दडे बसतात. लाट सरते, झडप उघडते, कान सुटतात. पुढची लाट येते. जुलैच्या समुद्रात हे तासन्‌तास चालतं.

वादळाची चाहूल लागली की युद्धनौका बंदरात शिरत नाहीत, उलट बंदर सोडून निघतात, याचं किनाऱ्यावरच्या माणसाला नवल वाटतं. धक्क्याला बांधलेलं जहाज हलू शकत नाही आणि दगडावर आपटत राहतं. खोल समुद्रात त्याला जागा असते, लाटेकडे तोंड करता येतं, वादळाची वाट चुकवता येते. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'हुदहुद' विशाखापट्टणमवर आलं तेव्हा नौदलाची जहाजं आधीच समुद्रात गेली होती. नुकसान झालं ते किनाऱ्यावर, नौदलाच्या विमानतळावरही.

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून उत्तरेला सरकत होतं. 'पी-३०५' या तेलक्षेत्रातल्या कामगारांच्या तरंगत्या निवासावर २६१ जण होते. याला स्वतःचं इंजिन नसतं. नांगर हीच त्याची मदार. १७ मेच्या सकाळपर्यंत नांगर तुटले आणि ते भरकटू लागलं. 'आयएनएस कोची' आणि मागोमाग 'आयएनएस कोलकाता' त्या वादळात बंदराबाहेर पडल्या. दुमजली घराएवढ्या लाटा, पावसाने मिटलेली नजर, हेलिकॉप्टर उडवणं अशक्य. संध्याकाळी निवास बुडालं. माणसं पाण्यात विखुरली, आणि हजारो टनांची विनाशिका अशा लाटांत एका माणसाच्या डोक्याजवळ आणणं म्हणजे त्याला वाचवण्याइतकाच चिरडण्याचाही धोका. जहाजाच्या कडेला जाळ्या सोडल्या गेल्या, दोर फेकले गेले. लाटेने वर आलेला हात सापडला तर माणूस वर, नाहीतर पुढच्या लाटेची वाट. रात्रभर हे चाललं.

सकाळी वारा उतरल्यावर हेलिकॉप्टरं आणि आणखी जहाजं आली. निवासावरच्या १८६ जणांना जिवंत बाहेर काढलं गेलं. उरलेल्यांचा शोध पुढचे कित्येक दिवस चालला, आणि तो वाऱ्याच्या आणि प्रवाहांच्या हिशेबाने चालवावा लागला, कारण पाण्यावरचं शरीर जिथे बुडालं तिथे राहत नाही. मृतदेह मिळत गेले ते वलसाडच्या किनाऱ्यावर आणि इकडे रायगडच्या.